पहिल्या ग्लासाआधी ठरवायच्या गोष्टी: मद्य, जोखमीची जाणीव आणि सुरक्षित संबंध

पुण्यातील मुलींच्या वसतिगृहांत आणि नोकरदार स्त्रियांच्या गटांत लैंगिक आरोग्यावर बोलताना एक गोष्ट मला वारंवार दिसली आहे. दुपारी चार वाजता, चहाचा कप हातात असताना, कंडोम का वापरायचा, कोणता संसर्ग कशाने होतो, गर्भधारणा कशी टाळता येते, हे जवळजवळ प्रत्येकीला नीट सांगता येते. आणि त्यांच्यापैकीच एखादी सत्र संपल्यावर बाजूला येऊन हळू आवाजात सांगते की परवाच्या पार्टीनंतर ‘तसे झाले’, कंडोम नव्हता, आणि त्या वेळी त्याचे फारसे काही वाटलेही नाही. सगळी माहिती डोक्यात असूनही त्या दोन तासांत ती निर्णयापर्यंत का पोहोचत नाही, हे समजून घेतले तर काय करायचे तेही बरेचसे उलगडते.

दारू प्यावी की पिऊ नये, याची चर्चा येथे केलेली नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात १५ वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे १ टक्का मद्य घेतात. प्रश्नावली घेऊन घरी आलेल्या कार्यकर्तीला सासूच्या देखत किती जणींनी खरे सांगितले असेल, ही शंका बाजूला ठेवली, तरी ज्या सज्ञान स्त्रिया मद्य घेतात त्यांच्यासाठी मराठीत सरळ माहिती फार थोडी आहे, आणि जी आहे ती बहुधा उपदेशाने सुरू होते व उपदेशानेच संपते.

डोक्यात नेमके काय होते

क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडलेली ‘अल्कोहोल मायोपिया’ ही कल्पना येथे सर्वांत उपयोगी पडते. मायोपिया म्हणजे निकटदृष्टिता: जवळचे स्वच्छ दिसते, लांबचे धूसर होते. मद्यामुळे माणसाचे लक्ष आकसते आणि या क्षणी जे ठळकपणे समोर आहे तेवढेच मनात मावते, असे या दोघांचे म्हणणे होते. समोर असतो तो स्पर्श, कौतुक, उत्सुकता आणि बऱ्याच दिवसांनी कोणीतरी आपल्याकडे अशा नजरेने पाहत असल्याचा आनंद. लांब असते ती पुढच्या महिन्यात चुकू शकणारी पाळी, लक्षणे न दाखवता अंगात राहणारा संसर्ग आणि उद्या सकाळी औषधाच्या दुकानात उभे राहण्याचा संकोच. शुद्धीत असताना या दोन्ही बाजू एकत्र तोलल्या जातात, पण मद्याच्या अमलाखाली दुसरी बाजू तराजूपर्यंत येतच नाही.

स्त्रियांच्या बाबतीत हे कसे घडते याचा अभ्यास अमेरिकेतील सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात अनेक वर्षे झाला आहे. त्या प्रयोगांची पद्धत सांगण्यासारखी आहे. स्वेच्छेने सहभागी झालेल्या स्त्रियांपैकी काहींना मोजून मद्य दिले जाते, काहींना दिले जात नाही, आणि रक्तातील मद्याचे प्रमाण ०.०८ ते ०.१० टक्क्याच्या आसपास पोहोचले की त्यांना एक गोष्ट वाचायला देतात. ‘तू त्याच्या घरी आली आहेस’ अशा धाटणीने लिहिलेली ही गोष्ट दोघे जवळ येतात आणि कोणाकडेही कंडोम नसल्याचे लक्षात येते त्या क्षणी थांबते, आणि पुढे तुम्ही काय कराल, असे विचारले जाते. मद्य घेतलेल्या स्त्रियांचा कल असुरक्षित संबंधांकडे अधिक झुकतो, परंतु तो थेट न झुकता वळणाने झुकतो: आधी उत्तेजना अधिक जाणवते, समोरच्याशी नाते जुळण्याची शक्यता मोठी वाटते, धोका लहान वाटतो, आणि मग ‘त्याला ठरवू दे’ अशी भूमिका घेतली जाते. ही शेवटची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण त्यात स्त्रीने काही चुकीचे ठरवलेले नसते, ठरवण्याचे कामच तिने दुसऱ्याकडे दिलेले असते.

अशा १२ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे आढळले की रक्तातील मद्याचे प्रमाण दर मिलिलिटरमागे ०.१ मिलिग्रॅमने (म्हणजे ०.०१ टक्क्याने) वाढले की असुरक्षित संबंधांची तयारी दाखवण्याची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी वाढते. प्रयोगशाळेत मोजली जाते ती तयारी, प्रत्यक्ष कृती नव्हे, हे खरे. तरीही प्रत्येक घोटाबरोबर कल थोडा थोडा सरकतो आणि ‘इथपर्यंत सुरक्षित, इथून पुढे धोका’ अशी आखीव रेषा कुठेच नसते, एवढे त्यावरून समजते.

यात एक भर आपल्या समजुतींचीही पडते. मद्य देतो असे सांगून प्रत्यक्षात नुसते टॉनिक पाणी दिलेल्या प्रयोगांतही काही लोकांचे वागणे बदललेले दिसले आहे, कारण ‘दोन पेग घेतले की मी मोकळी होते’ हा विश्वास स्वतःच काम करत असतो. ज्या स्त्रीला एरवी स्वतःची इच्छा बोलून दाखवण्याची मोकळीक नसते, तिला ग्लास हातात असणे ही एक परवानगी वाटते. त्या परवानगीला नावे ठेवण्याचे कारण नाही, परंतु आपण पिताना तिची वाट पाहत आहोत का, हे स्वतःला आधी विचारून ठेवावे.

आता याच सिद्धांताची उलट बाजू पाहू. टारा मॅकडोनाल्ड या कॅनडातील मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात मद्यालयात येणाऱ्यांच्या हातावर प्रवेशाचा शिक्का मारताना काहींच्या हातावर ‘एड्स मारतो’ अशा अर्थाचा शिक्का मारला होता. हा शिक्का हातावर असलेले लोक नशेत असताना असुरक्षित संबंधांबाबत अधिक सावध आढळले. आकसलेल्या नजरेसमोर धोकाच ठळकपणे ठेवला, तर ती आकसलेली नजर धोक्यालाच चिकटते. पुढचे सगळे उपाय या एका गोष्टीवर उभे आहेत: लांबचे जवळ आणून ठेवायचे, आणि तेही शुद्धीत असताना.

आपण किती पितो हे मोजावे

वसतिगृहातल्या सत्रात मी कधीकधी खोकल्याच्या औषधाचे प्लास्टिकचे झाकण आणि पाण्याचा तांब्या ठेवते. एका मुलीला ‘नेहमीचा लहान पेग’ ग्लासात ओतायला सांगितले. तिने अंदाजाने पाणी ओतले आणि ते १० मिलिलिटरच्या झाकणाने मोजले तेव्हा सात झाकणे भरली. लहान पेग म्हणजे ३० मिलिलिटर. हा प्रयोग प्रत्येकीने आपल्या घरच्या ग्लासावर एकदा करून पाहावा, कारण घरच्या पार्टीत मोजमापाचे भांडे नसते आणि ग्लास भरणारा हात बहुधा दुसऱ्याचा असतो.

भारतात मिळणाऱ्या ४२.८ टक्के तीव्रतेच्या व्हिस्की, रम किंवा व्होडकाच्या ३० मिलिलिटरमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. ‘मी फक्त बीअर घेते’ या वाक्याचा हिशेब आता करून पाहा. ८ टक्के तीव्रतेच्या स्ट्राँग बीअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ४१ ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे ती एक बाटली चार लहान पेगांच्या बरोबरीची ठरते. ५५ किलो वजनाच्या स्त्रीने ती दोन तासांत संपवली तर नेहमीच्या सूत्राने तिच्या रक्तातील प्रमाण ०.१० टक्क्याच्या घरात जाते. सिएटलच्या प्रयोगांत जे प्रमाण मुद्दाम गाठले जात होते ते हेच, आणि वाहन चालवण्यासाठी आपल्याकडे कायद्याने घातलेल्या ०.०३ टक्क्याच्या मर्यादेच्या ते तिपटीहून अधिक आहे. गोव्यात काजूच्या हंगामात मिळणारा उर्राक फेणीपेक्षा पुष्कळ सौम्य असतो, पण लिंबू, मीठ, हिरवी मिरची आणि सोडा घातला की तो सरबतासारखा उतरतो आणि किती ग्लास झाले याची मोजदाद राहत नाही.

मित्राबरोबर ‘पेगला पेग’ घेणे स्त्रीला महाग पडते, आणि त्याची कारणे शरीरात आहेत. स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण पुरुषापेक्षा कमी असते, त्यामुळे तेवढेच मद्य कमी पाण्यात मिसळते. शिवाय जठरात मद्याचे विघटन करणारे विकरही (एन्झाइमही) स्त्रियांमध्ये सरासरीने कमी सक्रिय असते. रिकाम्या पोटी आणि सोड्याबरोबर घेतलेले मद्य लवकर चढते. उतरण्याचा वेग मात्र ताशी ७–८ ग्रॅमच्या आसपासच राहतो. लिंबूपाणी, काळी कॉफी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी तो वाढत नाही. नशा उतरणीला लागली की आपण सावरलो असे वाटू लागते, परंतु निर्णयशक्ती त्या भावनेच्या बरीच मागे असते, आणि रात्रीचे पुष्कळसे निर्णय नेमके याच वेळी होतात.

तेव्हा आधी जेवावे, शेंगदाण्यांच्या चखण्याला जेवण समजू नये, आपला ग्लास आपणच भरावा, आणि भरलेल्या ग्लासात कोणी ‘टॉप-अप’ करू लागले तर ग्लासावर हात ठेवावा, कारण अर्धवट ग्लासात भर पडत राहिली की मोजणीच संपते.

घरातून निघण्याआधी

पहिला निर्णय हा की आज संबंध आला तर चालेल का, कोणाशी, आणि कोणत्या अटीवर. हे उत्तर संध्याकाळी सहा वाजता, एकटीने, आरशासमोर द्यावे, आणि ते एका वाक्यात बसवावे. माझ्या माहितीत सर्वांत टिकाऊ ठरलेले वाक्य असे आहे: “कंडोम असेल तर, नाहीतर नाही.” ते लहान आहे, त्यात कारण दिलेले नाही, आणि कारण नसल्यामुळे त्यावर वाद घालायला जागा उरत नाही. लांबलचक युक्तिवाद नशेत आठवत नाहीत, पाठ असलेले वाक्य मात्र तोंडात येते.

समोरून येणारी उत्तरेही ठरलेलीच असतात, म्हणून त्यांचे प्रत्युत्तरही तयार असावे. “माझ्यावर विश्वास नाही का?” याला “विश्वास आहे म्हणून तर आले आहे. कंडोम वेगळी गोष्ट आहे,” एवढे पुरे. “मी वेळेत बाहेर काढेन” याला “मला त्याचा भरवसा नाही” आणि “मजा येत नाही” याला “मग आज राहू दे.” यांपैकी प्रत्येक वाक्य एकदा मोठ्याने उच्चारून पाहावे. हसू येईल, पण तोंडाला सवय होते.

दोन कंडोम स्वतःच्या पर्समध्ये ठेवावेत. ‘मुलीच्या पर्समध्ये कंडोम’ या कल्पनेनेच ज्याच्या भुवया उंचावतात, तो माणूस त्या रात्रीसाठी योग्य नाही, असे मानायला हरकत नाही. ते उन्हातल्या गाडीत किंवा किल्ल्यांच्या गुंत्यात न ठेवता लहानशा कडक डबीत ठेवावेत, तारीख पाहावी, आणि एखादे पाकीट शुद्धीत असताना उघडून सराव करावा. थरथरत्या किंवा ओल्या हातांनी पाकीट फाटत नाही म्हणून ते दातांनी फाडले जाते, कंडोम कडेला चिरतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. लॅटेक्स कंडोमबरोबर खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन वापरू नये, कारण तेलाने लॅटेक्स कमकुवत होते.

शिक्क्याच्या प्रयोगाचा घरगुती अवतारही सोपा आहे. मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर त्या रात्रीपुरते ते वाक्य किंवा फक्त स्वतःला कळेल अशी एखादी खूण ठेवावी, किंवा मनगटावर रबर बँड घालावा आणि तो कशासाठी आहे हे घालतानाच मनाशी म्हणावे.

परतीची सोय हा मुद्दा सुरक्षित संबंधांच्या पुस्तकांत फारसा येत नाही, आणि तो यायला हवा. रात्री एक वाजता मुंबईची शेवटची लोकल गेलेली असते, रिक्षावाला नकार देतो, मोबाइलची बॅटरी संपत आलेली असते, आणि ‘आता कुठे जातेस, थांब’ या वाक्याला नाही म्हणणे अवघड होते. त्या रात्री जे घडते ते पुष्कळदा वाहन न मिळाल्यामुळे घडते. म्हणून टॅक्सीचे पैसे वेगळे ठेवावेत, बॅटरी भरलेली असावी, आणि कोणत्या वेळेला निघायचे ते मैत्रिणीला आधीच सांगून ठेवावे.

मैत्रिणीशी करार करतानाही प्रश्न नीट निवडावा. “तू ठीक आहेस ना?” याचे उत्तर नेहमीच “हो गं” असे येते. त्याऐवजी “निघायचं की थांबायचं? आणि पर्समध्ये आहे ना?” असे विचारले की क्षणभर का होईना, विचार करावा लागतो.

ओळखीचा माणूस

जोखमीची जाणीव सर्वांत कमी होते ती ओळखीच्या माणसापाशी. ‘चांगल्या घरातला आहे’, ‘दादाचा मित्र आहे’, ‘दोन वर्षे एकाच ऑफिसात आहोत’ ही वाक्ये माणसाच्या वागण्याबद्दल थोडेफार सांगत असतीलही, त्याच्या तपासणीच्या अहवालाबद्दल काहीच सांगत नाहीत. क्लॅमिडियासारखा संसर्ग स्त्रीमध्ये बहुधा लक्षणांशिवाय असतो, आणि पुरुषालाही आपल्याला काही झाले आहे याचा पत्ता नसू शकतो. नेहमीचा जोडीदार असेल तर दोघांनी तपासणी करून कंडोमबद्दल पुढचे ठरवावे. ते एखाद्या रविवारी सकाळी ठरवावे, शनिवारी रात्री नव्हे.

संमतीबाबत कायदा स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ नुसार, नशेमुळे स्त्रीला आपण कशाला संमती देत आहोत त्याचे स्वरूप आणि परिणाम समजत नसतील, तर तिने दिलेला होकार संमती ठरत नाही, आणि तिने प्रतिकार केला नाही एवढ्यावरूनही संमती सिद्ध होत नाही. वर सांगितलेली सगळी तयारी स्वतःच्या निर्णयासाठी आहे. ती केली नाही म्हणून झालेल्या अत्याचाराची जबाबदारी स्त्रीवर येत नाही, आणि सकाळी स्वतःला दोष देणाऱ्या मैत्रिणीला हे त्याच शब्दांत सांगावे. समोरचा पुरुषच तोल जाण्याइतका प्यायलेला असेल, तर त्याचाही होकार त्या रात्रीपुरता बाजूला ठेवावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी

येथे घड्याळ महत्त्वाचे आहे, म्हणून संबंध केव्हा आला ती वेळ आधी कागदावर लिहावी. कंडोम वापरला नसेल, फाटला असेल किंवा काही आठवतच नसेल, तर धोका होता असे धरूनच पुढे जावे.

गर्भधारणा टाळण्यासाठी लेव्होनॉरजेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते, आणि जितकी लवकर तितकी ती अधिक परिणामकारक ठरते. आय-पिलसारख्या नावांनी ती औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. दुकानदार वर पाहील, गोळी वर्तमानपत्रात गुंडाळून देईल, देऊ द्यावी. गोळीनंतर दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली, आणि मद्यानंतरच्या सकाळी ती होऊ शकते, तर पुन्हा गोळी घ्यावी लागते. रोजच्या गर्भनिरोधक गोळीलाही उलटीचा हाच नियम लागू पडतो. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन किंवा फिट्ससाठी काही औषधे चालू असतील तर ही गोळी कमी काम करते, तेव्हा डॉक्टरांना विचारावे. ५ दिवसांच्या आत बसवलेली तांबी हा गोळीपेक्षाही खात्रीचा उपाय आहे. तीन आठवड्यांनंतर पाळी आली नसेल तर घरी लघवीची तपासणी करावी. विवाहित नसणे ही गर्भपाताच्या कायद्यात अडचण नाही.

ही गोळी संसर्गापासून संरक्षण देत नाही. एचआयव्हीचा धोका वाटत असेल तर प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत, शक्यतो पहिल्या काही तासांतच, सुरू करावी लागतात आणि ती २८ दिवस घ्यावी लागतात. त्यासाठी सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात किंवा एआरटी केंद्रात (एचआयव्हीवरील औषधोपचाराच्या सरकारी केंद्रात) जावे. कुठे जायचे ते १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येते.

जबरदस्ती झाली असेल, किंवा पेयात काही मिसळले असल्याची शंका असेल, तर आंघोळ न करता आणि कपडे न धुता, ते कागदी पिशवीत घेऊन रुग्णालयात जावे आणि लघवीचा नमुना लवकर घेण्यास सांगावे, कारण काही गुंगीचे पदार्थ १२ तासांतच लघवीतून नाहीसे होतात. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयावर मोफत उपचाराचे बंधन आहे. रुग्णालयाला पोलिसांना कळवावे लागते, परंतु तुम्ही तक्रार नोंदवली आहे का, यावर उपचार अवलंबून ठेवता येत नाहीत. मुंबईत महानगरपालिकेच्या अनेक रुग्णालयांत हिंसाचार सोसलेल्या स्त्रियांसाठी ‘दिलासा’ केंद्रे आहेत; त्यांची सुरुवात वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातून झाली, आणि तेथील समुपदेशक स्त्रीच्या बाजूने बसतात. इतरत्र १८१ किंवा ११२ वर फोन करावा.

एचआयव्हीची तपासणी लगेच एकदा, सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी करावी. त्याच वेळी सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी यांचीही करून घ्यावी. हिपॅटायटिस बीची लस पूर्वी घेतलेली नसेल तर पहिला डोस त्याच भेटीत मागावा, आणि पुढच्या डोसांच्या तारखा मोबाइलमध्ये तेथेच बसून टाकाव्यात.